एक दिलेली, एक उरलेली

बीरगांव, रायपूर
८ जानेवारी २०२५

गौतमराव,

जयभीम. पत्राच्या वर तो लिहायची सवय आहे म्हणून लिहिला. त्यात तुमच्यासाठी आदर आहे असं समजू नका.

तुमच्या फोनवर माझा नंबर बंद करून ठेवला आहे. निधीच्या हाती चिठ्ठी दिली तर तिनं परत दिली. म्हणाली, "मम्मी, मैं आप दोनों की डाकिया नहीं हूँ।" लेक अठ्ठावीस वर्षांची झाली, तिचंही बरोबर आहे. म्हणून बीरगांवातून भनपुरीले, ऑटोत बसलं की आलंच एवढ्याशा अंतरावर, मी स्पीड पोस्टानं लिहून राहिली.

ऑफिसच्या मेडिकलमध्ये सोनोग्राफी झाली. माझ्या उरलेल्या किडनीत गाठ निघाली. अडीच सेंटीमीटरची. तुकडा काढून तपासला, कॅन्सर आहे. लहान आहे, किडनीच्या बाहेर गेला नाही.

हे तुमाले सांगायची मले काही गरज नव्हती. पण डॉ. अपर्णांनी विचारलं, "तुमची दुसरी किडनी कोणाजवळ आहे?" मी म्हटलं, "होता एक माणूस." त्या म्हणाल्या, त्या माणसाले कळवा, त्यानंही तपासून घ्यावं. एकाच शरीरातल्या दोन्ही किडन्यांत असं निघू शकते. अन् दुसऱ्याची किडनी टिकवायले ज्या गोळ्या जन्मभर खाव्या लागतात, त्यानं शरीराची राखण कमी होते.

कळवलं. काम संपलं.

माझा इलाज इथंच रायपुरात होणार आहे. पोट फाडणार नाहीत. स्कॅनच्या पडद्यावर पाहत पाहत पाठीतून सुई गाठीत नेतील अन् तिले जागच्या जागी जाळून टाकतील. हे यासाठी लिहिलं की निधीकडून अर्धवट ऐकून तुम्ही दवाखान्यात तमाशा कराल. येऊ नका.

इंदू


भनपुरी
१९ जानेवारी

इंदू,

तुझं पत्र रीनाच्या हाती पडलं. मी ऑफिसात होतो, गाड्या लोड होऊन राहिल्या होत्या. घरी आलो तर ती ओट्याजवळ पत्र घेऊन उभी, कुकर जळून राहिला, तिले भान नाही. तुले हेच पाहिजे होतं ना? घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली. आता तरी आमच्या घरात पाय टाकू नको.

तू लिहिते, "कळवलं, काम संपलं." तुझं काम कधी संपते काय? मले माहीत आहे तू काय करून राहिली. आठवण देऊन राहिली. की गौतम, तू मुतते ते पण माझ्या मेहरबानीनं.

ऐक, मी तुले का सोडलं ते कोर्टात बोललो नव्हतो, आज बोलतो. ऑपरेशननंतर आपलं भांडण कोणतंही असो. पंख्याचं असो, निधीच्या शाळेचं असो. तुझा हात कमरेवर जाये. जिथं तुले टाके पडले होते, बरोबर तिथं. तोंडानं एक शब्द नाही. बस, हात जाये. अन् मी चूप. जी बात माझी बरोबर राहे, ती पण मी सोडून देये. माणसाले जिवंत ठेवून कसं मारायचं, हे मी तुझ्याजवळ पाहिलं. रीना माझ्यावर ओरडते, मी तिच्यावर ओरडतो, मंग दोघं जेवतो. तुझ्याबरोबर मले ओरडायची पण सोय नव्हती.

माझी तब्येत एकदम ठीक आहे. मागच्या महिन्यात रक्त तपासलं, सगळं बरोबर. तुझ्या घरची बिमारी माझ्या पोटात टाकू नको.

अन् एक सांगतो, ऐकायचं तर ऐक. कॅन्सर काही सुई टोचून जात नसते. तुले कोणीतरी बनवून राहिलं. काढून टाक ती किडनी, जीव तर वाचेल. माणूस डायलिसिसवर जगते. मी जगलो.

गौतम


बीरगांव
२९ जानेवारी

गौतमराव,

उत्तर देणार नव्हते. पण "काढून टाक" हे दोन शब्द तुम्ही लिहिले अन् ते आठवडाभर माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ऑफिसात फाइलवर तेच दिसत होते.

काढून टाक. नख काढल्यासारखं. अन् सांगतो कोण, तर ज्याच्या पोटात माझी दुसरी आहे तो.

तुम्ही डायलिसिसवर जगले म्हणता. मशीनजवळ तुम्ही डोळे मिटून पडत होते. बाहेरच्या बाकावर मी बसत होते, निधीची गणितं तपासत. घरी पाण्याचा गिलास मोजून मी देत होते अन् तुम्ही तो भिंतीवर फेकत होते. रात्री खाज सुटली की खोबरेल तेल कोण लावत होतं? त्या मशीनजवळ आता मी पडली तर बाहेरच्या बाकावर कोण बसणार आहे? निधीची नोकरी सोडवू? की तुम्ही येणार?

मले कोणी बनवून राहिलं नाही. आधी मी सर्जनकडेच गेली होती. भला माणूस. म्हणाले, "बाई, किडनीचा तेवढा भाग कापून काढू शकतो. पण तुमच्याजवळ ही एकच आहे. कापताना रक्त आवरलं नाही तर पूर्ण काढावी लागेल, हे मी आधीच सांगून ठेवतो." मी विचारलं, दुसरा रस्ता आहे का? तर त्यांनीच डॉ. अपर्णांचं नाव दिलं.

त्यांनी पडद्यावर माझीच किडनी दाखवली. करडी, अन् कडेले चिकटून एक गोल. मी म्हटलं, "याची पूर्ण खात्री देता का?" त्या म्हणाल्या, "नाही. कधी कडेचा एखादा भाग जिवंत राहून जातो, मग पुन्हा सुई टाकावी लागते. रक्त येऊ शकतं. आतडं जवळ आहे, ते सांभाळावं लागेल. पण गाठ मरावी अन् किडनी चालत राहावी, हे दोन्ही साधायची आशा तुमच्या बाबतीत यात जास्त आहे." खात्री मागितल्यावर तोंडावर "नाही" म्हणणारी डॉक्टर. मी तिथंच हो म्हटलं.

आता हाताचं. तिथं दुखत होतं, गौतमराव. टाक्यांखाली नस दबली होती. ओरडलं की पोट ताणते, पोट ताणलं की तिथं सुरी फिरल्यासारखं होये. म्हणून हात जात होता. आजही थंडीत जातो. तुम्ही त्यात टोमणा पाहिला अन् त्यावर घर मोडलं. एकदा विचारलं असतं, "इंदू, दुखते काय?"

नाही विचारलं.

फेब्रुवारीत तारीख मिळाली आहे. तुम्ही तपासून घेतलं नसेलच. घेऊ नका.

इंदू


भनपुरी
२० फेब्रुवारी

इंदू,

निधीचा फोन आला होता. तुझं झालं म्हणे. अन् आता बुखार आहे, लघवीतून लाल जाते. मी म्हटलं होतं. मी आधीच म्हटलं होतं, पण तू कोणाचं ऐकते! पोट्टी फोनवर रडून राहिली, "पापा, मम्मी को कुछ हो गया तो मैं क्या करूँगी?" तुझ्या जिद्दीपायी तिनं एकटीनं सगळी धावपळ केली. गोंदियाहून भावाले बोलावता येत नव्हतं? की त्याच्यासमोर पण तुले मोठंच दिसायचं होतं?

दुखण्याचं लिहिलं ते वाचलं. दुखत होतं तर सांगायचं. मी काही ज्योतिषी नाही.

बाकी मले तुझ्याशी घेणं नाही. एका कामासाठी विचारतो, तेवढं लिही. पूर्ण बेहोश करतात काय? सुई किती जाड राहते? जळते ते आतून समजते काय? तुले पोटावर झोपवलं म्हणे, पण किडनी समोरच्या बाजूनं असली तर कसं करतात? अन् ज्याच्या जन्मभराच्या गोळ्या चालू आहेत त्याले हे चालते काय?

आमच्या एका ड्रायव्हरच्या सासऱ्याले असंच निघालं. त्याच्यासाठी विचारून राहिलो.

गौतम


बीरगांव
२८ फेब्रुवारी

गौतमराव,

बुखार उतरला. लाल जाणं पण बंद झालं. हे होणार हे मले आधीच सांगितलं होतं, मेलेली गाठ शरीर आवरत असते तेव्हा ताप येतो. निधी रडली कारण ती माझी लेक आहे. तिच्या रडण्यावर तुम्ही माझ्याशी भांडू नका.

तुमच्या ड्रायव्हरच्या सासऱ्यासाठी लिहिते. मले पूर्ण झोपवलं होतं, काही समजलं नाही. सुई बॉलपेनच्या कांडीएवढी, पण लांब. आतडं अगदी जवळ होतं, तर आधी बारीक सुईनं मधात पाणी सोडून ते बाजूले सारलं. मग स्कॅन, मग सुई थोडी आत, मग पुन्हा स्कॅन. नेमकी गाठीत बसल्यावर टोकाशी उष्णता देतात. जाळणं थोड्या मिनिटांचं. नेम धरणंच खरं काम आहे. शुद्धीवर आली तर पाठीत कोणी लाथ घातल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी घरी. पाठीवर एक पट्टी, बस.

आता तुम्ही सांगा. ड्रायव्हरच्या सासऱ्याची किडनी समोरच्या बाजूनं कशी आली? आपली किडनी पाठीकडं राहते. समोर, जांघेच्या वर, पोटाच्या कातडीखाली ज्याची असते, त्याले ती दुसऱ्याची बसवलेली असते. अन् जन्मभराच्या गोळ्या कोण खाते, हे मले विचारता? पाच वर्षं मी काढून देत होते त्या गोळ्या.

तुम्ही तपासून घेतलं. अन् निघालं आहे.

किती मोठी आहे? डॉक्टर काय म्हणाले? लिहा. मले तुमची दया आली असं समजू नका. ती किडनी माझ्यासोबत चाळीस वर्षं होती. मी तिचं विचारून राहिली, तुमचं नाही.

इंदू


भनपुरी
९ मार्च

इंदूदीदी,

जयभीम. मी रीना. तुम्हाले पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, अन् मले त्याचा आनंद नाही. आमच्या घरात तुमचं नाव घेतलं की हे जेवण सोडून उठतात. इतकी वर्षं मी तुमच्याशी न बोलता तुमच्यासोबत संसार केला आहे.

हे उत्तर देणार नाहीत, म्हणून मी देते. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या हप्त्यात मीच यांना ओढून नेलं. गाठ आहे. तुमच्याहून लहान, दोन सेंटीमीटर पण नाही. डॉ. अपर्णाच म्हणाल्या, "चांगल्या वेळेत आले. ही वरच आहे, सुई सहज पोहोचेल, किडनी वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू." मी हात जोडले. हे उठून उभे झाले अन् म्हणाले, "मले वाचवायची नाही. पूर्ण काढून टाका."

मॅडमनी समजावलं की काढली तर सरळ डायलिसिस. "चलेगा," म्हणाले. गाडीत मी विचारलं, असं काहून? तर म्हणाले, "एकदाची गेली की मी कोणाचा नाही. मशीनचे उपकार बरे, ते बोलत नाही."

तेव्हापासून तारीख घेत नाहीत. दीदी, मी तुमची माफी मागायले लिहून राहिले नाही. मी यांना तुमच्यापासून तोडलं नाही, हे तुटूनच आले होते. पण तुम्ही असं काय करून ठेवलं की माणूस मरायले तयार आहे, पण तुमच्या नावानं जगायले नाही? तुम्हीच ती गाठ घातली, तुम्हीच सोडा. मी लिहिलं हे यांना खुशाल सांगा. मी भीत नाही.

रीना


बीरगांव
१५ मार्च

गौतमराव,

रीनानं लिहिलं. तिच्यावर ओरडू नका. तिनं तुमच्यासाठी माझ्यासारख्या बाईपुढं तोंड उघडलं. तेवढी हिंमत तुमच्यात नव्हती, तुमाले ड्रायव्हरचा सासरा लागला.

माझ्या उपकारातून सुटायले तुम्ही ती काढून फेकणार आहात म्हणे. मग एक गोष्ट ऐकून घ्या. ती मी माझ्या भावाले सोडून कोणाले सांगितली नाही, निधीले पण नाही.

उपकार झालाच नव्हता.

तुम्ही बिमार पडले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी गोंदियाले बदलीचा अर्ज दिला होता. भावानं तिथं स्टेशनमागं दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. निधीच्या शाळेचं बोलून झालं होतं. मी तुमाले सोडून जाणार होते. फक्त तुमाले सांगायचं राहिलं होतं. अन् एके दिवशी तुम्ही चप्पल घालायले गेले तर पाय चपलेत जाईना, इतके सुजले होते.

मग कशी जाणार? बिमार नवऱ्याले टाकून गेलेली बाई. समाजात कोणी पाणी विचारलं नसतं. ते पण सोडा. निधीनं मोठी होऊन विचारलं असतं, "पापा को मशीन पर छोड़कर आई थी?" मी अर्ज मागे घेतला. दोन वर्षं त्या बाकावर बसून एकच विचार केला, हा माणूस आपल्या पायावर उभा झाल्याशिवाय माझी सुटका नाही. तुमच्या भावाचं जुळलं नाही, आईचं जुळलं नाही. माझं जुळलं. डॉक्टरांपुढं मी "हो, मी देते" म्हटलं तेव्हा सगळे रडले. तुम्ही माझे हात धरून रडले. मी नाही रडली. तुमाले वाटलं, केवढी हिंमतीची. मी बाहेर पडायचा रस्ता मोकळा करून राहिली होती.

तुमाले चालतं करायचं अन् निघून जायचं, एवढंच होतं. पण मलेच सावरायले वेळ लागला, मग निधीची दहावी आली, अन् तेवढ्यात तुम्हीच मले सोडलं.

म्हणून सांगते, तुमच्या पोटात माझी मेहरबानी नाही. मले सुटायचं होतं, तुमाले जगायचं होतं. दोघांचं झालं. आता ठेवायची की काढायची ते तुम्ही स्वतःच्या अकलेनं ठरवा. मधात माझं नाव घेऊ नका.

इंदू


भनपुरी
२३ मार्च

इंदू,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात गेलो नाही. रीनाले पण वाचू दिलं.

पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मी समाजाच्या कार्यक्रमात मागच्या खुर्चीवर बसलो. भीमजयंतीले तुले पुढं बोलावत, शाल देत, अन् लोक मान वळवून माझ्याकडं पाहत. आई मरताना माझा हात धरून म्हणाली, "गौतम, त्या पोरीचे पाय धर." मी धरणार होतो. एकदा तुझ्या गल्लीपर्यंत आलो होतो. अन् तू गोंदियाच्या खोल्या पाहून बसली होती! शाल घेताना लाज नाही वाटली?

दगाबाज आहे तू. पहिल्यांदा तुले तोंडावर काही म्हणून राहिलो अन् माझी मान खाली जात नाही.

डॉ. अपर्णांची तारीख घेतली. तुझ्या सांगण्यावरून नाही, हे लिहून ठेव. आजपर्यंत ती किडनी तुझी होती. आता माझी आहे. मले ती पाहिजे.

गौतम


भनपुरी
१८ जुलै

इंदू,

निधीजवळून तुले अर्धं कळलंच असेल. पूर्ण मी सांगतो, नाहीतर तू म्हणशील ड्रायव्हरच्या सासऱ्याचं सांगून राहिला.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा झालं. मले उताणं झोपवलं. सुई समोरूनच. आधी सोनोग्राफीवर पाहिलं, मंग स्कॅनमध्ये. उठलो तर वाटलं, एवढंच? रीना म्हणे, "एवढ्यासाठी मले दोन महिने रडवलं." पण मे महिन्यात तपासलं तर मॅडम पडद्याजवळ गेल्या अन् एका जागी बोट ठेवलं. नसेतून औषध सोडलं की जिवंत जागा उजळते अन् जळालेली काळी राहते. माझ्या काळ्या गोलाच्या कडेले एक उजळ रेघ होती. नखाच्या कोरीएवढी. म्हणाल्या, "थोडं राहिलं आहे. पुन्हा करावं लागेल."

तेव्हा भेव वाटलं. पहिल्या वेळेस मी रागात होतो, रागात माणसाले भेव नसते. दुसऱ्या वेळेस राग उतरला होता. आत नेताना मी मॅडमले म्हटलं, "किडनीले सांभाळजा." तुझ्या पत्रातलं आठवलं, नेम धरणंच खरं काम आहे.

परवा पुन्हा स्कॅन झाला. पूर्ण काळं. रेघ गेली. क्रिएटिनिन थोडं वाढलं होतं, ते पण जागेवर आलं. मॅडम म्हणाल्या, दर काही महिन्यांनी पाहावं लागेल, पण आज चांगली बातमी आहे. तिथं नवीन पोट्टी होती माहिती भरून घेणारी. "डोनर कौन है?" म्हणे. आधी मी "घरातलं कोणीतरी" म्हणून मोकळा होत होतो. या वेळी म्हटलं, "इंदू रामटेके. आता आमचं काही नातं नाही." तोंड कडू झालं नाही.

पण एक गोष्ट मले झोपू देत नाही. तू जाणार होती. बिमारीच्या आधी. किडनीच्या आधी. मंग काहून? मी काय केलं होतं? दारू नव्हती मले. बाहेर काही नव्हतं. पगार घरात येये. घर बांधलं आपण भनपुरीत. मारकुटा नवरा नव्हतो मी, साऱ्या समाजाले विचार. तू कारण लिहिलं नाही. बस, खोल्या पाहिल्या म्हणाली. कारण असेल तर सांग. नसेल तर मान्य कर की तुले कोणाचंच पटत नाही.

गौतम


बीरगांव
२७ जुलै

गौतमराव,

माझे दोन्ही स्कॅन काळे आले. किडनी चालू आहे. ऑफिसात जाते, डबा नेते. तुमचा पण काळा आला हे निधीनं सांगितलं होतं. मी तिले म्हटलं, बरं झालं. हे खोटं म्हटलं नव्हतं, अन् तुमाले खूश करायलेही म्हटलं नव्हतं.

कारण विचारता. साऱ्या समाजाले विचार म्हणता. विचारा. साऱ्या समाजासमोरच झालं होतं.

भनपुरीच्या घराची घरभरणी होती. परित्राणपाठ झाला, भंतेजींचं भोजनदान झालं, मग लोक अंगणात मांडवाखाली जेवायले बसले. तुम्ही खुर्च्यांच्या मधात उभं राहून सांगून राहिले होते की या घराचा नकाशा तुम्ही काढला, खिडक्या तुम्ही ठरवल्या. माझ्या हाती पुरीची परात होती. मी हसून म्हटलं, "खिडक्या मी ठरवल्या होत्या जी, तुम्ही तर भिंत म्हणत होते." लोक हसले. माझ्या ऑफिसची सरला हसली.

तुम्ही मले थापड मारली. जोरात नाही. जोरात असती तर कोणी उठलं तरी असतं. मारली अन् लगेच हसून म्हणाले, "हमारी मॅडम जरा ज्यादा बोलती है।" तुम्ही हसले म्हणून लोक पुन्हा हसले. तुमची आई, तुमचा भाऊ, सगळे. परात माझ्या हातातून सुटली नाही. मी पुऱ्या वाढत पुढं गेली.

निधी दहा वर्षांची होती. खिरीची वाटी घेऊन खांबाजवळ उभी होती. सगळे हसत होते म्हणून ती पण हसली. माझ्याकडं पाहून हसली. तिले वाटलं हे असंच असते, यावर हसायचं असते.

पुढच्या सोमवारी मी बदलीचा अर्ज दिला.

तुमाले आठवत नाही, हे मले माहीत आहे. मारणाऱ्याले एवढीशी थापड काहून आठवेल? मी तेव्हाच बोलणार होते, तर तुम्ही बिमार पडले. मशीनवर पडलेल्या माणसाले थापडेचं कोण विचारते? मग ऑपरेशन झालं. मी तोंड उघडलं असतं तर तुमाले वाटलं असतं, किडनीचं सांगून राहिली. माझा हात कमरेवर गेला तर तुमाले एवढं दिसत होतं. पण मी अठरा वर्षं गिळलं, कारण तुम्ही आधी बिमार होते अन् नंतर माझे ऋणी.

आता तुम्ही बिमार नाही. ऋणीही नाही, हे मीच तुमाले लिहून दिलं. किडनी तुमची आहे, ठेवा, सांभाळा, दर काही महिन्यांनी तपासा. तिच्यावर माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं त्या थापडेवर आहे. आपल्या दोघांत आता तेवढीच उरली आहे. तिचं लिहा.

इंदू